बेळगाव भागातल्या मराठी शाळेत तंत्रज्ञान आणायचंय? पहिलं वर्ष असं काढा

दर जूनमध्ये मला दोन-तीन फोन तरी येतातच. कुणी नुकतंच मुख्याध्यापक झालेलं असतं, कुणाच्या शाळेला माजी विद्यार्थ्यांनी शताब्दीच्या निमित्ताने टीव्ही दिलेला असतो, तर कुणाला क्लस्टरच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) बैठकीत ‘तुमच्या शाळेचं डिजिटलचं तुम्हीच बघा’ म्हणून सांगितलेलं असतं. प्रश्न एकच असतो, “टीचर, सुरुवात कुठून करू?” माझी सगळी नोकरी खानापूर आणि बेळगाव तालुक्यांतल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळांत झाली. फोनवर तुकड्या-तुकड्याने जे सांगते, ते इथे सलग लिहिते आहे.

एका शाळेत मी रुजू झाले तेव्हा ऑफिसातल्या कपाटात प्रोजेक्टर होता. हार, फोटो, उद्घाटन सगळं रीतसर झालेलं. जुन्या नोंदी चाळल्या तर दोन वर्षांत तो मोजून चार वेळा बाहेर निघाला होता. वर्गाच्या खिडक्यांना पडदे नव्हते, त्यामुळे दिवसा भिंतीवर काही दिसायचं नाही. कपाटाची किल्ली एकाकडेच, आणि ते रजेवर गेले की यंत्रही रजेवर. पण खरं कारण वेगळंच होतं. तो कशासाठी लावायचा, हे कुणी ठरवलेलंच नव्हतं. देणाऱ्यांनी मनापासून दिलं होतं, त्यांचा दोष नाही. आपण शाळेने आधी विचार केला नव्हता.

जून: आधी मुलं, मग मशीन

पहिले पंधरा दिवस कुठलीही खरेदी करू नका, कुणाकडे काही मागूही नका. तिसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाला जवळ बसवून वाचून घ्या. त्यासाठी ‘असर’ची वाचन चाचणी वापरा. प्रथम संस्थेचं ‘असर’ सर्वेक्षण २००५ पासून चालू आहे आणि त्याचं वाचनपत्रक मराठीतही आहे, कन्नडमध्येही. पत्रक एका पानाचं: अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. एका मुलाला पाच मिनिटं पुरतात.

आपल्याकडे हे दोन्ही भाषांत करायलाच हवं. आपलं मूल घरी आणि वर्गात मराठी बोलतं, पण कन्नडही शिकतं, आणि पुढे हायस्कूल, बस, बँक, तहसीलदार कचेरी सगळीकडे त्याला ती लागते. मी पहिल्यांदा दोन्ही पत्रकं शेजारी-शेजारी ठेवून मुलांना वाचायला लावलं, तेव्हा चौथीतल्या ज्या मुली मराठी गोष्ट घडाघडा वाचत होत्या त्यांतल्या निम्म्या कन्नड शब्दावर अडत होत्या. अक्षरं सुटी सुटी ओळखत होत्या, पण जोडता येत नव्हती. वर्षभर त्या वर्गात बसून हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, कारण कन्नडच्या तासाला त्या सगळ्या मिळून म्हणत आणि आवाजात आवाज मिसळून जाई.

मग वहीत एकेक अडचण एका वाक्यात लिहा, अगदी नेमकी. ‘चौथीची मुलं कन्नड अक्षरं ओळखतात, शब्द वाचत नाहीत.’ किंवा ‘पाचवीला अपूर्णांकाची बेरीज येते, पण पाव मोठा की एकतृतीयांश मोठा हे सांगता येत नाही.’ अशी दोन वाक्यं झाली की पुरे. पहिल्या वर्षाची सगळी योजना त्या दोन वाक्यांवर उभी राहील. ‘शाळा डिजिटल करणे’ असं काही लिहू नका. त्या वाक्यावरून सोमवारी तिसऱ्या तासाला काय करायचं ते कळत नाही. दारावर ‘डिजिटल शाळा’ असा बोर्ड रंगवायची घाईही नको. पालक बोर्ड वाचून येतील, तेव्हा आत दाखवायला काहीतरी हवं.

माणसं जमवा

मुख्याध्यापकाने एकट्याने ओढलेला गाडा त्याची बदली झाली की थांबतो. म्हणून तिघांना बरोबर घ्या: एक उत्साही शिक्षक, एक अनुभवी शिक्षक, आणि एसडीएमसीतला (शाळेच्या पालक समितीतला) एखादा पालक. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीनवर काम करणारे, वायरिंग करणारे, मोबाइल दुरुस्त करणारे पालक आपल्या प्रत्येक गावात सापडतात. अशा एका पालकाचा हात लागला की शाळेचं निम्मं दुखणं कमी होतं.

अनुभवी शिक्षक मी मुद्दाम म्हणते. आमच्याकडे निवृत्तीला तीन वर्षं उरलेल्या एक बाई होत्या. “मला त्यातलं काही जमत नाही, मला त्यात ओढू नका,” असं त्यांनी पहिल्या बैठकीतच सांगून टाकलं. पण त्यांच्यासारखी गोष्ट सांगणारं शाळेत दुसरं कुणी नव्हतं. मी त्यांना कुठलंही अॅप शिकवलं नाही. एवढंच म्हटलं, “बाई, तुम्ही नेहमीसारखी गोष्ट सांगा, फोन आम्ही धरतो.” सातवीच्या एका मुलाने फोनवर रेकॉर्ड केलं. दुसऱ्या दिवशी दुसरीच्या वर्गात छोट्या स्पीकरवर ती गोष्ट लावली, आणि बाई दारात उभ्या राहून स्वतःचाच आवाज ऐकत होत्या. मुलं हसायच्या जागी हसली. त्यानंतर त्या स्वतःहून विचारायला लागल्या, “आज रेकॉर्ड करायचं का?” वर्षअखेरीला आमच्याकडे त्यांच्या आवाजातल्या बावीस गोष्टी जमल्या. त्या निवृत्त झाल्यावरही शाळेत त्या गोष्टी वाजत होत्या.

मुलांनाही कामात घ्या. आपल्या शाळांत मुलांची संसद असते. आरोग्यमंत्री, क्रीडामंत्री, पाणीमंत्री असतात. त्यात संगणकमंत्री वाढवा, शक्यतो एक मुलगा आणि एक मुलगी. चार्जिंग बघणं, वायर गुंडाळणं, रजिस्टरमध्ये कुठल्या वर्गाने किती वेळ वापरलं ते लिहिणं, ही कामं त्यांना द्या. मुलं ती मोठ्यांपेक्षा नेमाने करतात.

नलि-कलि, म्हणजे आपल्या खालच्या वर्गांतली कार्डांवरून खेळत शिकायची पद्धत, आठवा. १९९५ च्या सुमाराला म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात थोड्या शाळांतल्या शिक्षकांनी मिळून ती कार्डं, त्या पायऱ्या घडवल्या. आपल्या वर्गात वापरून पाहिल्या, चुकलं ते बदललं, आणि बऱ्याच वर्षांनी ती पद्धत राज्यभर गेली. वरून एकदम आली असती तर ती इतकी टिकली नसती असं माझं मत आहे. तुमच्या शाळेतही एक वर्ग, एक विषय, एक सत्र एवढ्यानेच सुरू करा.

पालकांची सभा

ही सभा टाळू नका. आमच्या सभेत एका आईने उभं राहून विचारलं, “पोरं घरात मोबाइल सोडत नाहीत, आणि तुम्ही शाळेतबी तेच लावलासा होय?” तिचं चुकलं नव्हतं. मी तिला वर्गात नेलं आणि वीस मिनिटांचा एक तास मागे बसून बघायला सांगितलं. मुलं स्क्रीनकडे बघत होती त्यापेक्षा जास्त वेळ एकमेकांशी बोलत होती, फळ्यावर येऊन लिहीत होती. तास संपल्यावर ती एवढंच म्हणाली, “आसं आसंल तर चालतंय.” स्क्रीनचा वेळ किती, कुठल्या वर्गाला, कोण लावणार हे सभेत सांगा, ठरावात लिहा. पहिली-दुसरीच्या मुलांच्या हाती स्क्रीन देऊ नका असा माझा सल्ला आहे. त्यांना ऐकायला भरपूर द्या.

काय घ्यायचं, वीज कुठून आणायची

इथे जरा सविस्तर लिहिते, कारण पैसे इथेच वाया जातात.

पैशाची पहिली जागा म्हणजे समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं वार्षिक शाळा अनुदान. ते पटावर ठरतं. केंद्राच्या निकषांत ३१ ते १०० पटाला २५ हजार आणि १०१ ते २५० पटाला ५० हजार रुपये अशी पातळी आहे. पण खडू-डस्टर, स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती सगळं त्यातूनच भागवायचं असतं. म्हणून मोठी वस्तू बहुधा माजी विद्यार्थी, ग्रामपंचायत किंवा एखादा कारखाना यांच्याकडून येते. देणगी देणाऱ्याला तुमचं ते वहीतलं वाक्य दाखवा आणि त्या वाक्याला लागणारी वस्तूच मागा. कुणी “दहा टॅब देतो” म्हणाला आणि तुम्हाला स्पीकर आणि बॅटरी हवी असेल, तर नम्रपणे तसं सांगा. सांगितल्यावर लोक ऐकतात, हा माझा अनुभव आहे. आलेली वस्तू त्याच आठवड्यात एसडीएमसीच्या ठरावात आणि स्टॉक रजिस्टरला चढवा. यूडायसची (शाळांच्या सरकारी नोंदणीची) माहिती भरताना तिचा आकडाही बरोबर जाऊ दे.

आपल्या उजेडाच्या वर्गांत प्रोजेक्टरपेक्षा टीव्ही बरा. किती इंचाचा घ्यायचा, त्याचा एक अंदाज सांगते: शेवटच्या मुलाचं अंतर स्क्रीनच्या उंचीच्या सहापटीपेक्षा जास्त नको. ५५ इंची टीव्हीची उंची साधारण ६८ सेंटिमीटर असते, म्हणजे चार मीटर, तेरा फुटांच्या आत सगळी मुलं बसली पाहिजेत. ४३ इंची असेल तर दहा फूट. मुलांना जमिनीवर अर्धगोलात बसवलं की हे सहज जमतं. विकत घेण्याआधी कुणाच्या तरी घरचा टीव्ही एक दिवस आणून, त्यावर पाठ्यपुस्तकाचं पान लावून, शेवटच्या रांगेतल्या मुलाला वाचायला सांगा. त्याने वाचलं तर घ्या.

स्पीकरवर पैसे वाचवू नका. कौलारू वर्गात पाऊस लागला की टीव्हीच्या आवाजातलं काही कळत नाही.

आता वीज. दुकानात ‘मोठा इन्व्हर्टर’ मागण्याआधी कागदावर हिशेब करा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या बॅटरीत १८०० वॅट-तास मावतात. लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणून ९०० धरा. टीव्हीला १२० वॅट लागत असतील आणि थोडी गळती धरली, तर सहाएक तास निघतात. एका वर्गाला दिवसाला दोन तास लागणार असतील तर एवढी बॅटरी भरपूर झाली. तिच्यावर पंखे आणि ऑफिसचे दिवे जोडायचा मोह मात्र आवरा. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायची तारीख संगणकमंत्र्याच्या वहीत लिहा.

अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय काहीही जोडू नका. आपल्याकडचा एप्रिल-मेमधला वळीव विजा घेऊनच येतो. एका संध्याकाळी प्लग काढायचा राहिला आणि आमचा एक संगणक गेला. तेव्हापासून शाळा सुटताना शेवटची घंटा झाली की प्लग काढायचा, हा आमचा नेम झाला. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

इंटरनेट नसलं तरी अडत नाही. आपल्या सगळ्या आखणीत ‘नेट नाही’ असंच धरून चाला. आलं तर बरंच झालं. घरी किंवा बेळगावला गेल्यावर डाउनलोड करून पेनड्राइव्हवर आणायचं.

शिकवायला काय? सीमाभागाची खरी अडचण

महाराष्ट्रातल्या शिक्षकाला मराठीतलं तयार साहित्य मिळतं, पण ते बालभारतीच्या अभ्यासक्रमाला धरून असतं. कर्नाटकातल्या शिक्षकाला आपल्या अभ्यासक्रमाचं साहित्य मिळतं, पण ते मुख्यतः कन्नडमध्ये. आपली पुस्तकं कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाची, भाषा मराठी. आपण बरोबर मधे उभे आहोत. कुणीतरी नेमकं आपल्यासाठी बनवून देईल म्हणून वाट बघण्यात वर्षं जातात. तयार साहित्यातलं निवडून, उरलेलं आपणच बनवायचं. मला हे ओझं वाटलं नाही. आपल्या गावचे शब्द शाळेत आणायची संधी यातूनच मिळते.

एक मोठी वही करा. डाव्या रकान्यात धडा, मधल्यात ‘तयार काय आहे’, उजव्यात ‘आपण काय करणार’. मधला रकाना भरायला या जागा बघा.

दीक्षा हा केंद्राचा डिजिटल अभ्याससाहित्याचा मंच ५ सप्टेंबर २०१७ ला सुरू झाला. पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड असेल तर आधी तो स्कॅन करा. त्या धड्याला जे जोडलेलं असेल ते थेट उघडतं. अॅपमध्ये कर्नाटक राज्य आणि मराठी माध्यम निवडा. तिथे कमी मिळालं तर महाराष्ट्राचं मराठी साहित्यही बघा, पण विषयाच्या नावावर न जाता स्वतः शेवटपर्यंत पाहून घ्या. संज्ञा वेगळी असेल, क्रम वेगळा असेल, उदाहरण पुण्याच्या पेशव्यांचं असेल आणि आपल्या पुस्तकात कित्तूरची राणी चन्नम्मा असेल. चालेल, पण मुलांना आधी सांगून ठेवा. घेतलेलं डाउनलोड करून ठेवलं की नेटशिवाय चालतं.

स्टोरीव्हीवर हा प्रथम बुक्सचा गोष्टींचा खजिना २०१५ पासून खुला आहे. त्यातली कित्येक चित्रपुस्तकं मराठीतही आहेत आणि कन्नडमध्येही. गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत आणि परवाना मुक्त असल्यामुळे छापायला, वाटायला मोकळीक आहे. आमच्या कन्नडच्या अडचणीवर सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला. सोमवारी पहिल्या पातळीची एक गोष्ट मराठीत वाचायची. मुलांना ती पाठ झाली, चित्रं ओळखीची झाली, की गुरुवारी तीच गोष्ट कन्नडमध्ये स्क्रीनवर लावायची. पुढे काय येणार ते आधीच माहीत असल्यामुळे मूल अंदाज बांधत शब्द जोडतं. अर्थ शोधण्याचं ओझं उतरलेलं असतं, फक्त अक्षरं जुळवायची राहतात.

गणित आणि विज्ञानासाठी फेट, म्हणजे स्क्रीनवर हलवून बघायचे प्रयोग (सिम्युलेशन). अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठात नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. त्यातली बरीच सिम्युलेशन मराठीत भाषांतरित झाली आहेत, आणि फाइल उतरवून घेतली की ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालतात. पण पाचवीला अपूर्णांक शिकवताना मी आधी खरी भाकरी आणते. ती मोडायची, पाव, अर्धी, पाऊण म्हणायचं, आजीला पावकी-निमकी येत असेल तर घरून विचारून यायला सांगायचं. स्क्रीन त्यानंतर. भाकरीचे सात सारखे भाग हाताने होत नाहीत. ते स्क्रीनवर होतात, आणि तीनसप्तमांश अर्ध्यापेक्षा लहान आहे हे डोळ्यांना दिसतं. जे हाताने होत नाही तेवढंच यंत्राकडून करून घ्यायचं.

उजवा रकाना तुमचा. फोनवर आवाज रेकॉर्ड करणं एवढं एक जमलं तरी पहिलं वर्ष निघतं. आम्ही परिसर अभ्यासासाठी गावातल्या बायकांकडून भाताच्या नट्टीची (लावणीची) माहिती रेकॉर्ड केली: रोप कधी उपटायचं, चिखल कसा करायचा, कुठलं भात कुठल्या शेताला. सहावीच्या मुलांनी प्रश्न काढले, मुलींनी विचारले. नंतर वर्गात ऐकताना मुलांनी प्रत्येक कामाचा कन्नड शब्द शोधून लिहिला, आणि ‘नट्टी’ हा आपला शब्द मुळात कन्नडच आहे हे त्यांना त्यांचं त्यांनाच सापडलं. असा धडा पुस्तकात छापलेला मिळत नाही.

की-बोर्डचा एक तास, जवळून

संगणक असतील, मग ते दोन-तीन जुने का असेनात, तर पाचवीपासून टायपिंग शिकवा. मात्र इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची सवय लावू नका. इनस्क्रिप्ट की-बोर्ड लावा. विंडोजमध्ये आणि उबंटूमध्येही तो आधीच असतो, फक्त भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी आणि कन्नड दोन्ही जोडावे लागतात.

हे मी का सांगते, ते एका तासात कळलं. सहावीच्या एका मुलीने मराठीत ‘कमल’ टाइप केलं. के, सी, एन, या तीन कळा. मी तिला विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबायला सांगितला, म्हणजे की-बोर्ड कन्नड झाला. मग पुन्हा त्याच तीन कळा. स्क्रीनवर कन्नडमध्ये ‘कमल’ उमटलं. ती आधी माझ्याकडे बघत राहिली, मग बाजूच्या मुलीला कोपर मारून म्हणाली, “अगं, हे तर एकच हाय की!”

इनस्क्रिप्टची मांडणीच तशी केलेली आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या मानकात ती आहे. ब्राह्मीपासून आलेल्या आपल्या सगळ्या लिप्यांची वर्णमाला एकाच शिस्तीची, म्हणून एका उच्चाराला एकच कळ. डाव्या हाताला स्वर, काना, मात्रा, वेलांट्या. उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. जोडाक्षराचा हलन्त डी वर. ‘ळ’ला शिफ्ट धरून एन, दोन्ही भाषांत. फरक पडतो तो ऱ्हस्व ‘ए’ आणि ऱ्हस्व ‘ओ’ला, कारण ते कन्नडमध्ये वेगळे आहेत, आपल्याकडे नाहीत. हा फरक मुलांना कळ दाबताना कळतो, आणि मग बोलतानाही कान तयार होतो.

ऑफिसात नुडी हे कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर वापरत असतील तर वापरू देत. मुलांच्या मशीनवर इनस्क्रिप्टच ठेवा. एका मशीनला तीन मुलं: एक टाइप करणारं, एक शब्द सांगणारं, एक तपासणारं. सात मिनिटांनी पाळी बदलायची. घड्याळ लावल्याशिवाय हे होत नाही, कारण धीट मूल कळा सोडत नाही आणि लाजरं मूल मागत नाही. बहुतेक वेळा मागे राहतात त्या मुली. म्हणून पहिली पाळी त्यांना द्या.

शिक्षकांना कधी शिकवायचं

शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, पाऊण तास. एका शनिवारी एकच गोष्ट: आज फक्त पेनड्राइव्हवरून गोष्ट लावणं. जो शिक्षक शिकला त्याने पुढच्या आठवड्यात वर्गात ते करायचं आणि पुढच्या शनिवारी काय अडलं ते सांगायचं. तुम्ही नेतृत्व करत असाल तर पहिल्यांदा तुमचाच तास बिघडू दे, सगळ्यांसमोर. वायर सैल होती, आवाज आला नाही, मुलं गलका करायला लागली, हे मुख्याध्यापकाच्या बाबतीतही होतं असं दिसलं की बाकीच्यांची भीड चेपते. आणि बिघडलं तर पुढे काय करायचं, तेही ठरलेलं हवं: दोन मिनिटांत चालू झालं नाही तर बंद करायचं आणि फळ्यावर शिकवायचं. मुलांचा तास दुरुस्तीत घालवायचा नाही.

मुलांची सुरक्षितता

इथे कुठलीही सवलत नको. मुलांचे चेहरे आणि नावं दिसतील असे फोटो-व्हिडिओ खुल्या ग्रुपवर, यूट्यूबवर टाकू नका. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. मुलाच्या नावाने कुठल्याही अॅपवर खातं काढू नका. शाळेचं एक खातं पुरतं. पाचवीच्या पुढच्या मुलांना १०९८ हा बालकांसाठीचा हेल्पलाइन क्रमांक पाठ करून घ्या, आणि पालकांच्या सभेत ऑनलाइन फसवणुकीसाठीचा १९३० सांगा. फोनवर आलेला ओटीपी कुणाला सांगायचा नाही, हे आपल्या मुलांनीच घरी जाऊन आजी-आजोबांना शिकवलं पाहिजे.

पावसाळा

जांबोटी, कणकुंबीकडच्या शाळांना हे सांगायची गरज नाही, पण नवीन शिक्षकांसाठी लिहिते. जुलै-ऑगस्टमध्ये यंत्र कपाटात बंद करून ठेवलं तर ते आतून ओलं होतं. आठवड्यातून दोनदा तरी अर्धा तास चालू ठेवा. त्याच्या स्वतःच्या उष्णतेने ते सुकतं. भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. पहिल्या मोठ्या पावसात कौलं कुठे गळतात ते बघून मगच टीव्हीची जागा पक्की करा. वायरी उंदराच्या वाटेवरून काढा. माध्यान्ह आहाराचं धान्य ठेवता त्या खोलीत तर मुळीच नको.

दसऱ्यानंतर आणि फेब्रुवारीत

दसऱ्याच्या सुट्टीवरून आलात की जूनमध्ये घेतलेलं तेच वाचन पुन्हा घ्या, त्याच मुलांचं. मग वहीतल्या पहिल्या वाक्याशी ताडून बघा. मुलं पुढे सरकली नसतील तर आपण काय लावलं आणि ते कसं लावलं, याचा विचार करा. आमच्या पहिल्या सत्रात गाण्यांचे व्हिडिओ मुलांना फार आवडले होते, आणि वाचनात तसूभरही फरक पडला नव्हता. मला वाईट वाटलं, कारण वर्ग आनंदी दिसत होता. पण गाणी वाचनाच्या तासातून काढली, मधल्या सुट्टीत ठेवली, आणि त्या वेळात मराठी-कन्नड जोडगोष्टी आणल्या. फेब्रुवारीत कन्नड शब्दांवर अडणाऱ्या मुली वाक्य वाचायला लागल्या होत्या, बोट ठेवून, सावकाश, पण एकेकट्या.

क्लस्टरच्या बैठकीत हे आकडे घेऊन जा, जमलं नाही तेही सांगा. शेजारच्या शाळेच्या पेनड्राइव्हवर तुमच्या गोष्टी जाऊ देत, त्यांच्या तुमच्याकडे येऊ देत. येळ्ळूर, कडोली, उचगावसारख्या गावांत लोक दरवर्षी आपल्या हिमतीवर साहित्य संमेलनं भरवतात. अशा गावांतून शाळेसाठी गोष्ट सांगणारे, कविता वाचणारे आवाज मिळायला काहीच अडचण नाही. विचारलं पाहिजे, एवढंच.

एप्रिलमध्ये, सुट्टी लागण्याआधी

एक जाड पाकीट करा. त्यात शाळेच्या खात्याचे पासवर्ड, टीव्ही आणि बॅटरीची बिलं, गॅरंटी कार्डं, वायरिंग करणाऱ्या पालकाचा नंबर, आणि तीन रकान्यांच्या वहीची झेरॉक्स. सगळ्या रेकॉर्डिंगच्या दोन प्रती, एक शाळेत, एक एसडीएमसी अध्यक्षांकडे. कुठलं सुरू ठेवायचं, कुठलं थांबवलं आणि का, हे एका पानावर हाताने लिहा, म्हणजे तुमची बदली झाली तरी नवीन येणाऱ्याला जूनमध्ये कुणाला फोन करावा लागणार नाही. पाकिटावर तारीख घाला, ते मुख्याध्यापकांच्या कपाटात सगळ्यात वर ठेवा, आणि त्या कपाटाची दुसरी किल्ली कुणाकडे आहे तेही पाकिटावरच लिहा.